हाड किती झिजलं, हे कशावरून ठरवायचं?

आज एका शब्दापासून सुरुवात करू: 'कायमचं'. बारा वर्षांपूर्वी आम्ही खालच्या दाढेच्या जागी इम्प्लांट बसवून घेतलं. 'आता हे कायमचं' असं आम्हाला सांगितलं गेलं, आणि आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवूनही तो शब्द न तपासता आम्ही घरी आलो. दुखत नव्हतं, हलत नव्हतं, म्हणून पुढे तपासणीला गेलोच नाही. यंदा हिरडीतून रक्त येऊ लागलं. एक्स-रे काढला, तर स्क्रूचे वरचे आटे हाडाबाहेर उघडे पडलेले!

असं का होतं? स्वीडनचे संशोधक ब्रोनेमार्क १९५०च्या दशकात सशांच्या हाडातलं रक्ताभिसरण पाहत होते. हाडात बसवलेलं टायटॅनियमचं उपकरण काढायला गेले, तर ते निघेना. हाड त्याला घट्ट धरून बसलं होतं. १९६५ साली त्यांनी माणसाच्या जबड्यात टायटॅनियमची इम्प्लांट बसवली. आजचं इम्प्लांट याच शोधावर उभं आहे.

पण हाडाने धरलं म्हणून धातूचा दात होत नाही. खऱ्या दाताचं मूळ आणि हाड यांच्यामध्ये तंतूंचं पातळ अस्तर असतं. हिरडीचे तंतूही मुळाला घट्ट जोडलेले असतात. इम्प्लांटभोवती ते अस्तर नसतं, आणि हिरडीचे तंतू धातूत न रुतता बहुतेक त्याला समांतर जातात. म्हणून कडेला जंतूंचा थर साचून राहिला, तर सूज हाडापर्यंत उतरू शकते. सूज हिरडीपुरती असते तोवर नीट सफाई केल्यावर ती बरी होऊ शकते. हाड जाऊ लागलं की त्याला पेरी-इम्प्लांटायटिस म्हणतात. मग गेलेलं हाड परत मिळवणं कठीण असतं. शिवाय खालचा भाग हाडात पक्का असल्यामुळे इम्प्लांट हलतही नाही, आणि बहुधा दुखतही नाही. आम्ही फसलो ते इथेच.

आता मोजमापाचा प्रश्न. सुरुवातीच्या काळात थोडं हाड कमी होतंच. ते नव्या परिस्थितीशी जुळवून घेत असतं. १९८६ साली मांडल्या गेलेल्या एका प्रसिद्ध निकषानुसार पहिल्या वर्षानंतरची झीज वर्षाला ०.२ मिलिमीटरहून कमी असावी. एवढासा फरक एका वर्षाच्या चित्रात ओळखणं अवघड. पण याच गतीने दहा वर्षांत दोन मिलिमीटर होतात. म्हणजे बघा, नुसता आजचा एक्स-रे हाड कुठे आहे ते सांगतो. झीज किती झाली, हे कळायला आधीचा एक्स-रे शेजारी ठेवावा लागतो.

आमचा पहिला एक्स-रे ना आमच्याकडे होता, ना त्या दवाखान्याकडे. अशा वेळी डॉक्टर २०१७च्या जागतिक परिषदेत ठरलेल्या व्याख्येचा आधार घेतात: हलक्या हाताने तपासताना रक्त किंवा पू येणं, हिरडीचा कप्पा ६ मिलिमीटर किंवा अधिक खोल असणं, आणि हाड ३ मिलिमीटर किंवा अधिक खाली गेलेलं असणं. आमच्यात तिन्ही गोष्टी सापडल्या. पण ते हाड गेल्या दोन वर्षांत गेलं की बारा वर्षांत हळूहळू, हे आता कुणीच सांगू शकत नाही. उपचार चालू आहेत. इम्प्लांट वाचेल की नाही ते पाहायचं.

तेव्हा टिकणं आणि निरोगी असणं यांत गल्लत करू नका. ज्यांना पूर्वी हिरड्यांचा आजार होता, ज्यांची सफाई अपुरी पडते, जे तपासणीला जात नाहीत, त्यांना धोका अधिक. इम्प्लांटवर कॅप बसली की त्या वेळचा एक्स-रे मागून घ्या आणि घराच्या कागदपत्रांसोबत जपून ठेवा. कडेची जागा छोट्या ब्रशने रोज साफ करा. दुखत नसलं तरी डॉक्टर सांगतील त्या अंतराने तपासणीला जा, आणि जाताना तो जुना एक्स-रे बरोबर न्या.

चला, आता तुमचे प्रश्न घेऊ.