दाराशी खरे सांगावे

गेल्या दिवाळीत पाडव्याच्या दिवशी आमच्या काचीगुड्याच्या घरी नेहमीप्रमाणे सारे आप्त जमले होते. फराळ झाला आणि माधापूरला संगणक कंपनीत नोकरीस असलेल्या माझ्या भाच्याने, आदल्या रात्री कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर पाठवलेल्या निरोपाची सर्वांना आठवण करून दिली. ‘लिहा आणि कमवा!’ असा तो निरोप होता व खाली ‘हाइव्ह’ नावाच्या लेखनसमूहाचा पत्ता. मुलांनी थोडी चौकशी केली, जावांनी हसून विषय सोडून दिला. नुकतेच सेवानिवृत्त झालेले माझे थोरले दीर मात्र बराच वेळ गप्प होते. निघताना त्यांनी भाच्याला बाजूला घेऊन हळूच विचारले, “बाळ, माझ्या ठेवीतले किती घालू यात?”

भाचा गोरामोरा झाला. त्याने निमंत्रण दिले होते लिहिण्याचे; काकांनी ऐकले होते ते गुंतवणुकीचे. हा गैरसमज ऐकणाऱ्याचा की सांगणाऱ्याचा, हा प्रश्न त्या दिवसापासून माझ्या मनात घोळतो आहे.

हा प्रकार आहे तरी काय, ते आधी पाहू. फेसबुकवर आपण लिहितो तेव्हा ते लिखाण त्या कंपनीच्या ताब्यात राहते आणि जाहिरातींचे उत्पन्नही प्रामुख्याने तिलाच मिळते. ब्लॉकचेनवर चालणाऱ्या समूहात एकच खातेवही असते, पण तिच्या हुबेहूब प्रती जगभरच्या अनेक संगणकांवर ठेवलेल्या असतात. नवी नोंद आधीच्या नोंदीशी साखळीसारखी जोडली जाते. त्यामुळे कुणा एकाला गुपचूप पान फाडता येत नाही. हाइव्हवर लेख प्रसिद्ध झाला की वाचक त्याला मते देतात आणि सात दिवसांनी त्या मतांनुसार मोबदला ठरतो. त्यातील निम्मा लेखकाला व निम्मा मते देणाऱ्या वाचकांना मिळतो. मात्र हा मोबदला रुपयांत नव्हे, तर त्या समूहाच्या स्वतःच्या आभासी चलनात असतो. ज्याच्याजवळ हे चलन अधिक साठवलेले, त्याच्या मताचे वजनही अधिक. साठवलेले चलन परत मोकळे करायचे तर ते तेरा आठवड्यांच्या हप्त्यांनी सुटते.

या समूहाचा जन्मही ऐकण्यासारखा आहे. २०१६ साली ‘स्टीमिट’ नावाचे संकेतस्थळ सुरू झाले. जानेवारी २०१८ मध्ये त्याच्या ‘स्टीम’ चलनाचा भाव आठ डॉलरांच्या आसपास गेला आणि लेखकांची रीघ लागली. त्याच वर्षाच्या अखेरीस भाव अर्ध्या डॉलरच्याही खाली आला. नोव्हेंबरमध्ये कंपनीने सत्तर टक्के सेवकवर्ग कमी केला. भावाच्या ओढीने आलेल्यांना मग लिहिण्याचे कारण उरले नाही. फेब्रुवारी २०२० मध्ये जस्टिन सन या उद्योजकाने ती कंपनी विकत घेतली. समूहाच्या कारभाराचे निर्णय कोणी घ्यायचे यावरून मोठा संघर्ष झाला. अखेर २० मार्च २०२० रोजी सदस्यांच्या एका मोठ्या गटाने खात्यांची व लेखांची प्रत घेऊन, कंपनीच्या वाट्याचा साठा वगळून, वेगळी चूल मांडली. तेच हे हाइव्ह. तेजी ओसरल्यावरही जे टिकून होते, त्यांनीच हे घर उभे केले, ही गोष्ट मला बोलकी वाटते.

अशा घराची ओळख बाहेरच्यांना करून द्यायची तर बाजारातच जावे लागते, कारण सारी माणसे फेसबुक, एक्स आणि व्हॉट्सअ‍ॅपवर आहेत. पण तेथील वाट सोपी नाही. आभासी चलनाच्या नावाने इतकी फसवणूक झाली की जानेवारी २०१८ मध्ये फेसबुकने अशा जाहिरातींवर बंदीच घातली; पुढे ती काही अटींवर शिथिल झाली. आपल्या देशात जाहिरात मानक परिषदेच्या नियमांप्रमाणे १ एप्रिल २०२२ पासून अशा जाहिरातीत धोक्याची सूचना देणे आवश्यक ठरले. शिवाय या माध्यमांना वाचक आपल्या अंगणाबाहेर गेलेला रुचत नाही. एक्सचे मालक इलॉन मस्क यांनीच २०२४ मध्ये सांगितले होते की मुख्य मजकुरात वर्णन लिहावे आणि दुवा खालच्या उत्तरात द्यावा.

हाइव्हच्या काही सदस्यांनी यावर ‘पॉश’ नावाची योजना काढली. आपल्या समूहातील लेखाचा दुवा एक्सवर द्यावा, त्याची नोंद व्हावी व देणाऱ्याला छोटेसे बक्षीस मिळावे, अशी ती कल्पना. हेतू चांगला आहे. परंतु बक्षिसासाठी टाकलेला दुवा आणि आवडला म्हणून पुढे केलेला लेख यांतला फरक वाचणाऱ्याला कळतो. शेजारीण “हे वाचाच” म्हणून मासिक हाती देते तेव्हा आपण ते उघडतो. दारात येणाऱ्या विक्रेत्याचे पत्रक मात्र न वाचताच बाजूला ठेवतो.

हैदराबादला ‘ब्लॉकचेन’ हा शब्द नवा नाही. ऑगस्ट २०१८ मध्ये येथे या विषयावर आंतरराष्ट्रीय परिषद भरली होती. आपल्या मराठी समाजाला तर माणसे जोडण्याची कला त्याहून कितीतरी जुनी ठाऊक आहे. राज्यकारभाराची भाषा उर्दू असलेल्या या शहरात १९०७ साली विवेकवर्धिनी उभी राहिली ती भाषेच्या आणि शिक्षणाच्या ओढीने. लाभाच्या आशेने आलेला माणूस लाभ थांबताच जातो. ओढीने आलेला पुढच्या पिढीलाही हाताला धरून आणतो.

म्हणून निमंत्रण देणाऱ्याने काही गोष्टी दाराशीच सांगाव्यात असे मला वाटते. पहिली म्हणजे, लिहिण्यासाठी पैसे घालावे लागत नाहीत, आणि कोणी मागितले तर देऊ नयेत. दुसरी, येथील खात्याच्या किल्ल्या, म्हणजे लांबलचक सांकेतिक शब्द, स्वतःच जपायचे असतात. ते हरवले वा दुसऱ्याच्या हाती पडले तर दाद मागायला बँकेसारखी कचेरी नाही. तिसरी, एकदा लिहिलेले साखळीतून पुसले जात नाही. लेख दुरुस्त केला तरी पहिली नोंद मागे राहतेच. तेव्हा घराचा पत्ता, मुलाबाळांची माहिती आणि रागाच्या भरातले कौटुंबिक वाद तेथे नेऊ नयेत. चौथी, आभासी चलनाच्या हस्तांतरातून झालेल्या नफ्यावर २०२२ च्या अर्थसंकल्पाने तीस टक्के कर लावला आहे, हे मिळकतीच्या गप्पा मारण्यापूर्वी ध्यानात घ्यावे. आणि पाचवी, दुवा देणाऱ्याला स्वतःला त्यातून काही मिळत असेल तर तेही त्याने लपवू नये.

इतके सांगितल्यावर कोण येईल, असे भाच्याने मला विचारले. मी म्हटले, “थोडे येतील, पण तुझ्यावर रागावून जाणार नाहीत.”

त्याने माझे ऐकले. आधी काकांकडे जाऊन त्याने सर्व समजावून सांगितले. ठेव जागच्या जागी राहिली. मग गटावरचा जुना निरोप काढून टाकला आणि स्वतःचा एक लेख निवडला. आबिड्सच्या रविवारच्या जुन्या पुस्तकबाजारात आजोबांचे बोट धरून हिंडल्याच्या त्या आठवणी होत्या. त्यांतील पहिला परिच्छेद त्याने फेसबुकवर दिला, दुवा खाली ठेवला. मिळकतीचा शब्दही काढला नाही.

फार कोणी फिरकले नाही. परंतु आठवड्याभराने थोरल्या दिरांचा दूरध्वनी आला. लेख त्यांनी दोनदा वाचला होता. त्या बाजारात पूर्वी कोणती पुस्तके कोठे मिळत, ते आपल्यालाही लिहावेसे वाटते, असे ते म्हणाले. शेवटी त्यांनी जरा संकोचाने विचारले, “मराठीत लिहिले तर चालेल ना?”

पैशाचा प्रश्न त्यांनी या वेळी काढला नाही.