गाणारे नाटककार : अण्णाभाऊंचा वग

१ ऑगस्ट जवळ आला की नांदेड जिल्ह्यातल्या बिलोली, देगलूर, नायगाव, मुखेड या पट्ट्यात अण्णाभाऊ साठे यांच्या जयंतीचे फलक चौकाचौकांत लागतात. नावाआधी दोन बिरुदे हमखास असतात : लोकशाहीर आणि साहित्यरत्न. पहिले गाण्यासाठी, दुसरे ‘फकिरा’सारख्या कादंबऱ्यांसाठी. या दोहोंच्या मधला एक अख्खा धंदा मात्र फलकावरून गळालेला असतो. अण्णाभाऊ विनोदी नाटककार होते. ‘अकलेची गोष्ट’, ‘शेटजींचे इलेक्शन’, ‘बेकायदेशीर’, ‘पुढारी मिळाला’, ‘लोकमंत्र्यांचा दौरा’ ही त्यांची लोकनाट्ये गिरणगावातल्या कामगारांनी पोट धरून हसत पाहिली. अभ्यासकही त्यांचा उल्लेख करतात, पण बहुधा शाहिरीच्या प्रकरणाला जोडलेल्या शेपटासारखा. या लेखाचे म्हणणे नेमके उलटे आहे. अण्णाभाऊंचे राजकारण सर्वांत धारदार झाले ते या लोकनाट्यांत, म्हणजे वगात. विनोद ही तिथे कडू औषधावरची साखर नव्हती, विनोद हेच औषध होते. आणि त्यांची गाणीसुद्धा नीट कळतात ती वग लिहिणाऱ्या माणसाची गाणी म्हणून ऐकली तरच.

चरित्र बहुतेकांना ठाऊक आहे, म्हणून ते चटकन उरकू. १९२० साली वाळवा तालुक्यातल्या वाटेगावात जन्म, शाळेशी नाते दीड दिवसाचे, मग वडिलांबरोबर पायी मुंबई, गिरणी, लाल बावट्याचा पक्ष. या सगळ्यात लेखक म्हणून घडवणारी गोष्ट दुसरीच होती. नात्यातल्या बापू साठे यांच्या तमाशाच्या फडात त्यांनी काम केले होते. फडात माणूस काय शिकतो? रंगमंचावर एक फेरी मारली की गाव बदलते, दोन फेऱ्यांत माणूस मुंबईला पोचतो, पडद्याची गरज नाही. ढोलकीवाला, हलगीवाला, तुणतुणेवाला, मागे उभे असलेले झीलकरी हे सारे एकाच वेळी साथीदार, पात्रे आणि पंच असतात. सोंगाड्या फसला की तेच ‘जी जी’ करीत त्याला आणखी खड्ड्यात ढकलतात. आणि सोंगाड्याची मुख्य खुबी अशी की तो प्रत्येक शब्द शब्दशः घेतो. सरदार म्हणाला ‘राज्यात आबादीआबाद आहे’, की हा त्या आबादीआबादीचा पत्ता विचारतो, आपल्या वाट्याची किती ते विचारतो. अशा प्रश्नाला उत्तर नसते. माटुंग्याच्या लेबर कॅम्पात असताना अण्णाभाऊंनी पहिलेवहिले गाणे रचले ते तिथल्या डासांवर, असे सांगतात. क्रांतीवर नव्हे, डासांवर. पोवाड्याचा थाट वीराचा, आणि नायक मच्छर. मोठ्या साच्यात क्षुद्र वस्तू घालायची आणि त्या क्षुद्र वस्तूमागे उभी असलेली गटारे, तुंबलेले पाणी, नगरपालिका हे सारे आपोआप दिसू द्यायचे, ही सोंगाड्याचीच युक्ती आहे. पुढच्या पंचवीस वर्षांच्या लेखनाचे बी तिथे आहे.

पठ्ठे बापूरावांनी मुंबईवर लावणी रचली होती. शहराच्या झगमगाटाने दिपलेल्या डोळ्यांची ती लावणी. अण्णाभाऊंनी ‘मुंबईची लावणी’ लिहिली, ती त्याच साच्यात, पण उलट्या बाजूने. मलबार हिलच्या शेजारी परळ उभे केले की वेगळी टीका करावी लागत नाही. लोकांच्या ओळखीच्या घाटात नवा ऐवज भरण्याची ही रीत काही आपलीच नाही. पॅरिसमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला व्हॉदव्हिल नावाचा हलकाफुलका, गाण्यांनी भरलेला नाट्यप्रकार जोरात होता. त्यातली गाणी नव्या चालींवर बेतलेली नसत. सर्वांना पाठ असलेल्या जुन्या चालींवर नवे शब्द बसवीत, आणि चाल ओळखल्याचा आनंद व शब्द बदलल्याचा धक्का प्रेक्षकाला एकदम मिळे. या प्रकाराचा बादशहा डेझोजिए. तो गीतकार होता, प्रहसनकार होता, पुढे १८१५ पासून व्हॉदव्हिल याच नावाच्या थिएटरचा संचालकही झाला. खाणेपिणे, पॅरिसची गंमत, राजनिष्ठा यांत तो रमला. त्याच काळातला दुसरा गीतकार बेरांजे. त्याची गाणी सरकारला इतकी झोंबली की १८२१ आणि १८२८ साली त्याला तुरुंगवास आणि दंडाची शिक्षा झाली. फ्रान्समध्ये ही वाटणी अशी झाली : हसवणारा थिएटरच्या कचेरीत बसला, बोचणारा तुरुंगात गेला. अण्णाभाऊंकडे ही दोन्ही माणसे एकाच अंगरख्यात आहेत, म्हणून त्यांची तुलना नुसत्या शाहिराशी किंवा नुसत्या प्रहसनकाराशी करून भागत नाही.

आता वगाकडे. जुन्या वगातही सोंगाड्या राजाची टर उडवीतच असे. ते काही अण्णाभाऊंनी शोधलेले नाही, आणि तसे म्हणणारे तमाशावर अन्याय करतात. पण जुन्या वगात टर आणि कथा या दोन वेगवेगळ्या वाटा होत्या. सोंगाड्या मधे येऊन धमाल उडवून जाई, प्रधान-राणी-राजपुत्र यांची कथा मात्र आपल्या वळणाने चालत राही, आणि शेवटी राजाचा न्याय सर्वांना मान्य होई. हसून झाले की सिंहासन जागच्या जागी. अण्णाभाऊंनी कथेची मालकीच बदलली. त्यांच्या वगात राजाच्या जागी सावकार, काळाबाजारवाला शेठ, दौऱ्यावर निघालेला मंत्री आला. वेशातला हा बदल कोणीही केला असता. खरा बदल असा की सोंगाड्याच्या वेडगळ प्रश्नानेच कथा पुढे सरकू लागली. कथा शेठची राहिली नाही, शेठला प्रश्न विचारणाऱ्याची झाली. ‘शेटजींचे इलेक्शन’ हे नावच पाहा. इलेक्शन ही जनतेची असते अशी समजूत. इथे ती शेटजींची खासगी मालमत्ता झाली आहे. ‘लोकमंत्री’ म्हटले की पुढे ‘दौरा’ आलाच. भाषण करून जे अर्ध्या तासात सांगावे लागेल ते पाटीवरच्या दोन शब्दांत झाले. युद्धकाळात रेशनच्या रांगेत उभा राहून, मागच्या दाराने धान्य बाहेर जाताना पाहिलेल्या माणसाला काळ्याबाजाराची व्याख्या सांगायची नव्हती. ते पाहिलेले इतरांनीही पाहिले आहे, आणि सगळे मिळून त्याला हसू शकतात, एवढाच दिलासा त्याला हवा होता. दहा हजार माणसे एकदम हसली की भीती कमी होते. सभेत हे साधत नाही, कारण सभेत एक बोलतो आणि बाकीचे ऐकतात.

यावर सर्वांत जुना आक्षेप असा की हे सारे पक्षाचे प्रचारनाट्य आहे. १९४४ साली अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांच्यासह उभे राहिलेले लाल बावटा कलापथक पक्षाचेच होते, हे नाकारायचे कारण नाही. पक्षाची भूमिका बदलली की संवाद बदलत असणार, हेही उघड आहे. पण प्रचाराला गैरसोयीची अशी एक गोष्ट वगात कायम असते : सोंगाड्या. आपल्या बाजूच्या माणसाचाही शब्द तो शब्दशः घेतो. प्रचारक पात्र रंगमंचावर आले की तेही त्याच्या तावडीत सापडते, आणि प्रेक्षकाला दोघांतला कोण आवडतो हे सांगायला नको. राष्ट्र सेवा दलाचे कलापथक त्याच काळात हाच घाट वापरत होते; पु. ल. देशपांडे यांचे ‘पुढारी पाहिजे’ आणि अण्णाभाऊंचे ‘पुढारी मिळाला’ ही नावे शेजारी ठेवली तरी दिसते की समाजवादी असो की कम्युनिस्ट, घाट दोघांनाही आपल्या मागे ओढत नेत होता. पक्षाने वगाला वापरले हे खरे. वगानेही पक्षाला थोडे हसायला शिकवले, आणि मराठी कम्युनिस्टांचे गद्य वाचलेल्या माणसाला त्या उपकाराची किंमत कळेल.

सरकारला काय बोचत होते, हा अधिक भरवशाचा पुरावा. स्वातंत्र्यानंतर बाळासाहेब खेरांच्या मंत्रिमंडळाच्या काळात मुंबई प्रांतात तमाशावर बंदी आली. कारण अश्लीलतेचे दिले गेले. पुढे दत्तो वामन पोतदारांच्या अध्यक्षतेखाली सुधारणेसाठी समिती बसली आणि संहिता आधी तपासून घेण्याची रीत आली. लाल बावटा कलापथकावर मोरारजी देसाईंच्या गृहखात्याने वेगळी बंदी घातली, तिथे अश्लीलतेचा प्रश्न नव्हता. बिलोलीतल्या जुन्या पिढीला या बंद्यांचे नवल वाटले नसते. निजामाच्या राज्यात ‘गश्ती निशान ५३’ने सभेला आधी परवानगी लावली होती. फरक एवढा की सभेतल्या भाषणाचा मसुदा तपासता येतो, वग तपासता येत नाही. संहितेत लिहिलेले असते ‘सोंगाड्या येतो’. तो आल्यावर काय बोलतो ते त्या रात्रीच्या गावावर, त्या आठवड्याच्या वर्तमानपत्रावर, पुढच्या रांगेत बसलेल्या फौजदारावर ठरते. अण्णाभाऊंनी ‘तमाशा’ हा शब्द बाजूला ठेवून ‘लोकनाट्य’ म्हटले ते बंदी चुकवण्याची चलाखी म्हणून, असे पुष्कळदा सांगतात. चलाखी होतीच. पण आतला सोंगाड्या त्यांनी सोडला नाही.

त्यांनी सोडले ते दुसरेच, आणि तिथला आक्षेप जड आहे. गणातले गणपतीस्तवन काढून त्यांनी मातृभूमीला आणि हुतात्म्यांना वंदन आणले, आणि गौळण जवळजवळ गाळली. कृष्ण, पेंद्या, मावशी, गवळणी हे सारे गेले. कारण पटण्यासारखे आहे : गौळणीत बाईची वाट अडवून हसू आणतात, आणि शोषणाविरुद्ध लिहिणाऱ्याला ते हसू नको होते. पण गौळण आणि लावणी गेली तशी फडातली बाईही रंगमंचावरून बरीचशी गेली. ज्या दलित आणि कोल्हाटी स्त्रियांच्या गळ्यावर आणि पायांवर तमाशा उभा होता, त्यांना या सुधारलेल्या वगात ठसठशीत जागा उरली नाही. सुधारणेचा हा तोटा ‘काळाची गरज’ म्हणून झाकता येत नाही. एवढे मात्र म्हणता येते की अण्णाभाऊंना तो जाणवला असावा. ‘वैजयंता’ या कादंबरीत त्यांनी तमासगीर स्त्रीलाच मध्यभागी आणले. १९६१ साली गजानन जागीरदारांनी तिच्यावर चित्रपट काढला. वगात जिला जागा दिली नाही तिला कादंबरीत दिली. तेव्हा कादंबऱ्यांकडे वळताना ते वग मागे टाकून गेले, हा तिसरा आक्षेपही तितकासा टिकत नाही. कलापथक विस्कटल्यावर वग करायला फडच उरला नव्हता. कादंबरीला फड लागत नाही. कागद, शाई आणि घाटकोपरच्या चिरागनगरातली एक खोली पुरे.

आजही त्यांची गाणी गायली जातात आणि वग क्वचितच होतात, याचे कारणही इथेच आहे. गाणे एक माणूस डफ घेऊन म्हणू शकतो. वगाला आठ-दहा माणसे, त्यांची एकमेकांशी जमलेली लय आणि गावाची नस ओळखणारा सोंगाड्या लागतो. माळेगावच्या यात्रेत आजही फड लागतात, पण त्यांचे वग निराळे. छापील पुस्तकात अण्णाभाऊंचे लोकनाट्य वाचले तर ते किरकोळ वाटते, हे प्रामाणिकपणे कबूल करावे. तो हाडांचा सापळा आहे, मांस प्रयोगात होते.

म्हणून शेवटी गाण्यातला वग दाखवतो. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातली त्यांची ‘मैने’ची छक्कड सर्वांना माहीत आहे. सुरुवातीला ती मुंबईत आलेल्या मजुराची विरहवेदना आहे. गावी राहिलेल्या बायकोचे रूप, तिचा निरोप, मग मुंबईतली वणवण. श्रोता प्रेमाच्या गाण्यात पुरता शिरतो, आणि तेवढ्यात मैना म्हणजे बेळगाव, कारवार, डांग, उंबरगाव होते. दुरावलेली बायको आणि तोडलेला मुलूख एकच होऊन जातात. कथेतला माणूस एका फेरीत दुसऱ्या गावी पोचावा तशी ही फेरी आहे. पण गाणे एकदा ठरले की ठरले. मांजराकाठच्या माणसाला त्या यादीत आपली सीमा सापडत नाही. १९५६च्या पुनर्रचनेत मुधोळ-भैंसा, बिचकुंदा-जुक्कल हा आपल्या नांदेड जिल्ह्यातला मुलूख आंध्रात गेला, आणि तिकडच्या मैनेबद्दल छक्कड गप्प आहे. ‘तेलंगणाचा संग्राम’ लिहिणाऱ्या अण्णाभाऊंना हा भाग परका नव्हता. छक्कड वगाचा भाग असती, आणि वग बिलोलीच्या बाजारात लागला असता, तर सोंगाड्याने ती नावे त्याच रात्री घातली असती आणि मैना मराठीत रडते की तेलुगूत, असेही विचारले असते.