फ्लॅट आवडला? आधी ऑडिट दाखवा!

रिसेल फ्लॅट बघायला गेलं की आपण काय बघतो? स्टेशन किती मिनिटांवर, बेडरूमला अटॅच्ड टॉयलेट आहे का, आणि खिडकीतून झाड दिसतं की शेजाऱ्यांचं वाळत घातलेलं बनियन! बिल्डिंगच्या तब्येतीची चौकशी मात्र कुणीच करत नाही.

ठाण्यातल्या एका ३२ वर्षांच्या बिल्डिंगमध्ये चौथ्या मजल्यावरचा फ्लॅट मला आवडला होता. एजंट म्हणाला, 'एकदम सॉलिड बिल्डिंग, गेल्याच वर्षी रंग काढलाय.' म्हटलं, रंग राहू दे, स्ट्रक्चरल ऑडिट दाखवा. सोसायटीच्या आदर्श उपविधींनुसार १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं दर ५ वर्षांनी आणि त्याहून जुनीचं दर ३ वर्षांनी ऑडिट व्हायला हवं. म्हणजे रिपोर्ट असायलाच हवा. घरमालक सोसायटीचे सभासद, त्यांनी ऑफिसातून कॉपी आणून दिली.

जाडजूड प्रकरण होतं, पण घाबरू नका. आधी इमारतीची कॅटेगरी शोधा. मुंबई-ठाण्यात सी-१ म्हणजे रिकामी करून पाडायची, सी-२ए म्हणजे घरं रिकामी करून मोठी दुरुस्ती, सी-२बी म्हणजे माणसं राहत असतानाच स्ट्रक्चरल दुरुस्ती आणि सी-३ म्हणजे किरकोळ डागडुजी. आमची निघाली सी-२बी. एजंटच्या भाषेत, 'थोडं प्लास्टरचं काम!'

खरी गंमत मागच्या तक्त्यांत असते. अल्ट्रासॉनिक टेस्टमध्ये काँक्रीटमधून ध्वनिलहरी सोडतात. आत भेगा, पोकळ्या असल्या की लहरींना वळसा पडतो आणि वेग घटतो. सेकंदाला साडेतीन किलोमीटरच्या वर असेल तर ठीक, तीनच्या खाली म्हणजे काँक्रीटवर संशय. हाफ-सेल टेस्ट सळईच्या गंजाची. आकडा उणे ३५० मिलिव्होल्टच्याही खाली गेला, तर तिथे सळई गंजत असण्याची शक्यता ९० टक्क्यांहून जास्त. आणि शाळेच्या लॅबमधलं फिनॉल्फ्थॅलिन आठवतंय? ते काँक्रीटवर मारून गुलाबी झालं तर छान. रंगच आला नाही, तर सळईला गंजापासून वाचवणारा काँक्रीटचा अल्कलीपणा तिथे संपलाय.

आता हे आकडे कुठले आहेत ते बघा. आमच्या रिपोर्टमध्ये चौथा मजला ठणठणीत होता, वाईट आकडे सगळे खालच्या पार्किंगमधल्या कॉलमचे. घरमालक खूश, 'आपल्या मजल्याला काही नाही!' अहो, पण आपला मजला उभा कशावर आहे?

बँक लोन देतेय म्हणजे सगळं ओके, हाही एक लाडका समज. बँकेचा व्हॅल्युअर मुख्यतः किंमत ठरवायला येतो, काँक्रीटच्या टेस्ट करायला नाही.

मग सेक्रेटरींना तीन गोष्टी विचारल्या : दुरुस्ती झाली का, झाली असेल तर इंजिनीअरचं सर्टिफिकेट कुठे, आणि नसेल तर प्रत्येक फ्लॅटवर किती वर्गणी बसणार? उत्तर आलं : रंग झाला, कॉलम बाकी, वर्गणी पुढच्या सभेत ठरेल. आपल्याकडे रंगाला पैसे लगेच जमतात, कॉलमला नाही! त्यामुळे वर्गणीचा बोजा घरमालकांचा, आणि तेवढी रक्कम शेवटच्या पेमेंटमधून राखून ठेवायची, असा मुद्दा मी वकिलांकडून करारात घालून घेतला. घरमालकांनी दोन दिवस तोंड वाकडं केलं, तिसऱ्या दिवशी सही केली.