वीतभर फळीवरील हिम
भीमा आणि सीना या नद्यांच्या दरम्यान पसरलेल्या करमाळ्याच्या मुलखात, जेथे पर्जन्याचीच वानवा तेथे हिमाची वार्ता कुठली, चैत्र-वैशाखातील ऊन चुन्याने रंगविलेल्या भिंतीवर पडले म्हणजे दृष्टी दिपून जाते, आणि त्याच भिंतीची सावलीकडील बाजू, जी आपण केवळ सवयीने पांढरी म्हणतो, ती निरभ्र आकाशाखाली उघड निळसर दिसते. हा भेद ज्याच्या डोळ्यांना एकदा पटला, त्याला हिमदृश्ये रंगविण्याच्या विद्येतील अर्धे मर्म हिमालयाची वाट न धरताही हस्तगत झाले, असे म्हणण्यास प्रत्यवाय नाही.

कारण हिम आणि चुना यांच्यावर प्रकाशाचा अंमल एकाच न्यायाने चालतो. सावलीत सूर्याचे किरण थेट पोहोचत नाहीत. तेथे जो उजेड येतो तो आकाशाचा, आणि पृष्ठभाग जितका शुभ्र तितकी ती नीलिमा तो प्रामाणिकपणे परत देतो. संध्याकाळी सूर्याकडील उतार पिवळसर नारिंगी आणि छाया जांभळट होते. अभ्राच्छादित दिवशी तर आकाशच हिमाच्छादित भूमीपेक्षा काळवंडलेले दिसते, आणि नवशिका चित्रकार नेमका तेथे फसतो. क्लोद मोने या फ्रेंच चित्रकाराने १८६८-६९ च्या हिवाळ्यात हिमातील कुंपणावर बसलेला मॅगपाय पक्षी रंगविताना छायेला निळा-जांभळा रंग दिला. पॅरिसच्या अधिकृत प्रदर्शनाने १८६९ साली ते चित्र नाकारले. आपल्याकडे चुन्यात चिमूटभर नीळ कालविण्याचा जुना प्रघात आहे, आणि आमच्या मते त्या प्रघातात त्या परीक्षकमंडळाहून अधिक रंगज्ञान होते.

आपल्या निसर्गचित्रणाची घडण मात्र मुख्यतः जलरंगात झाली. इलिमेंटरी आणि इंटरमीजिएट या चित्रकलेच्या परीक्षांना बसणारे तालुक्याच्या शाळेतील मूलही हे जाणते की, जलरंगात पांढरे म्हणजे न रंगविलेला कागद. तैलरंगात पांढरे प्रत्यक्ष लावावे लागते, आणि ते कोणते लावावे हा मोठा विचाराचा प्रश्न आहे. शिश्याचा सफेदा ऊबदार, चिवट आणि लवकर सुकणारा, परंतु विषारी. जस्ताचा सफेदा थंड छटेचा व पारदर्शक, दूरच्या धुकट उतारांना अत्यंत अनुकूल, पण सावकाश सुकणारा आणि कालांतराने तडकणारा. विसाव्या शतकात प्रचारात आलेला टायटॅनियमचा सफेदा इतका प्रबळ की, बेताने न घेतल्यास शेजारच्या नाजूक निळ्याला तो गिळून टाकतो. यांपैकी कोणताही जिन्नस निर्भेळ स्वरूपात सर्व चित्रावर पसरणे हा हिमचित्राचा घात होय. निर्भेळ पांढरे उन्हाच्या अगदी शेवटच्या दोन-चार ठिपक्यांसाठी राखून ठेवावे. बाकीच्या हिमात पिवडी, कोबाल्ट, अल्ट्रामरीन आणि किंचित काव यांची मिसळण असावी.

पांढऱ्याचा असा संयम राखताना लहान आकाराचे महत्त्व प्रत्ययास येते. कॅनडाचा चित्रकार टॉम थॉमसन, जो १९१७ साली कॅनू सरोवरात मृत्यू पावला, सुमारे साडेआठ इंच बाय साडेदहा इंचांच्या लाकडी फळ्या पेटीत घालून अरण्यात हिंडे, आणि उघड्यावर बसून एका बैठकीत चित्र पुरे करी. कित्येक ठिकाणी फळीचे तांबूस लाकूड तो तसेच उघडे ठेवी, आणि त्या उबेमुळे सभोवतालचे हिम अधिक गार भासते. १८४१ साली जॉन रँड याने दाबता येणारी कथिलाची नळी शोधून काढली नसती, तर रंगांचा एवढा सरंजाम खांद्यावरून नेणे बहुधा कोणास साधले नसते. वीतभर फळीवर झाडाच्या प्रत्येक फांदीला जागा नसते. म्हणून कोठे उजेड, कोठे छाया आणि कोठे काळोख, या तीन गोष्टींचा निवाडा कुंचला उचलण्यापूर्वीच करावा लागतो.

मराठी चित्रकारांत हिमशिखरांच्या सान्निध्यात दीर्घकाळ राहिलेले नाव म्हणजे नारायण श्रीधर बेंद्रे. इंदूरला १९१० साली जन्मलेले आणि तेथेच देवळालीकर मास्तरांच्या हाताखाली तयार झालेले बेंद्रे १९३६ ते १९३९ या काळात काश्मीर संस्थानच्या प्रवासी-कचेरीत चित्रकार-वार्ताहर म्हणून नोकरीस होते. देवळालीकरांच्या शिष्यांना खुल्या उजेडातील रंग पाहण्याची जी दृष्टी लाभली, ती हुसेन, चिंचाळकर यांच्यासारख्या परस्परभिन्न शिष्यांतही ओळखू येते, आणि हिमचित्राला नेमकी तीच दृष्टी लागते.

करमाळ्यात हा उद्योग आरंभणाऱ्याने कमलाभवानीच्या देवळाच्या ओवऱ्यांत उन्हाची तिरीप आणि सावली यांची सीमारेषा प्रथम न्याहाळावी, पांढऱ्या धोतराच्या वळ्या सकाळी व सायंकाळी रंगवून पाहाव्यात, आणि मगच छायाचित्रांच्या किंवा प्रवासाच्या आधाराने हिमाकडे वळावे. सहा बाय आठ इंचांच्या फळीला सरस व खडूचे अस्तर देऊन ते सुकल्यावर वर गेरूचा पातळ हात फिरवावा. प्रथम झाडांचे व खडकांचे काळोख टर्पेंटाइनने पातळ केलेल्या रंगात मांडावेत, नंतर छाया, आणि शेवटी जाड थराने उजेड. वरच्या थरात तेल अधिक असावे, नाहीतर चिरा पडतात. जवसाचे तेल हवेतील प्राणवायू घेऊन घट्ट होते, आणि येथल्या उन्हाळ्यात ते थंड प्रदेशाच्या मानाने लवकर सुकते ही सोय. मात्र वावटळीची धूळ ओल्या हिमावर चिकटली की ती काढणे दुष्कर, म्हणून फळी आडवी न ठेवता भिंतीकडे तोंड करून तिरपी टेकवावी. सुकलेले चित्र पेटीत कोंडून ठेवले तर जवसाचे तेल अंधारात पिवळे पडते. तसे झाल्यास ते काही दिवस उजेडात, पण प्रखर उन्हात नव्हे, ठेवावे, म्हणजे पिवळेपणा बराचसा ओसरतो. व्हार्निशची घाई करू नये. जाड थर आतून सुकण्यास सहा महिने ते वर्ष लागते.