तिसरा पाद : उपस्थात्याचे निरीक्षण आणि प्रमाणाधिष्ठित रुग्णपरीक्षण

चिकित्सेचे चार पाद सांगताना चरकाचार्यांनी भिषक्, द्रव्य, उपस्थाता आणि रोगी असा क्रम दिला आहे. सूत्रस्थानाच्या त्याच नवव्या अध्यायात उपस्थात्याचे, म्हणजे आजच्या परिचारिकेचे किंवा परिचारकाचे, चार गुण येतात : उपचारज्ञता, दाक्ष्य, अनुराग आणि शौच. आपल्या संमेलनांतून व परिसंवादांतून पहिल्या दोन पादांची चर्चा विपुल होते. तिसऱ्या पादाकडे मात्र आपले लक्ष क्वचितच जाते.

वस्तुस्थिती अशी आहे की, आंतररुग्ण विभागात वैद्य रुग्णाजवळ दिवसातून काही मिनिटेच असतो. उरलेला सर्व काळ रुग्ण परिचारिकेच्या दृष्टीसमोर असतो. ती काय पाहते, काय मोजते, काय लिहिते आणि कोणाला केव्हा कळवते, यावर अनेकदा रुग्णाचे प्राण अवलंबून असतात. म्हणूनच परिचारिकेने करावयाचे रुग्णपरीक्षण प्रमाणांवर कसे आधारावे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

प्रमाण म्हणजे काय ?

आधुनिक वैद्यकात ‘प्रमाणाधिष्ठित’ या शब्दाने तीन गोष्टींचा समन्वय अभिप्रेत असतो : उपलब्ध संशोधनातील उत्तम पुरावा, चिकित्सकाचा अनुभव आणि रुग्णाची स्वतःची इच्छा व परिस्थिती. आपल्याला ही विचारपद्धती परकी वाटण्याचे कारण नाही. आप्तोपदेश, प्रत्यक्ष, अनुमान आणि युक्ती या चार परीक्षा चरकाने सूत्रस्थानाच्या अकराव्या अध्यायात सांगितल्याच आहेत. मात्र दोन्ही पद्धती एकच आहेत, असा दावा करणे योग्य नव्हे. आधुनिक पद्धतीत प्रत्येक निरीक्षणाला एक प्रश्न विचारला जातो : या निरीक्षणावरून पुढे येणारे संकट खरोखर ओळखता येते काय ? ज्या नोंदीचे उत्तर ‘होय’ असे येते, तिला अग्रक्रम मिळतो.

संकट पूर्वसूचना देऊन येते

रुग्णालयात दाखल असलेल्या रुग्णाचे हृदय ‘अकस्मात’ बंद पडले, असे आपण म्हणतो. अमेरिकेत १९९० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अशा ६४ रुग्णांच्या नोंदी तपासण्यात आल्या. त्यांपैकी ८४ टक्के रुग्णांच्या बाबतीत आधीच्या आठ तासांतच प्रकृती बिघडल्याची किंवा नवी तक्रार उद्भवल्याची नोंद कागदावर होती. सूचना मिळाली होती. तिचा अर्थ लावून धावून जाणारी व्यवस्था नव्हती.

या जाणिवेतून इंग्लंडमधील ग्रेट यार्मथ येथील जेम्स पॅजेट रुग्णालयातील चिकित्सकांनी १९९७ साली पूर्वसूचनेची गुणांकन पद्धती मांडली. पुढे लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१२ साली तिचे राष्ट्रीय स्वरूप सिद्ध केले आणि २०१७ साली सुधारित आवृत्ती काढली. ‘न्यूज २’ या नावाने ती ओळखली जाते. श्वसनगती, रक्तातील प्राणवायूचे प्रमाण, बाहेरून प्राणवायू देण्याची गरज, वरचा रक्तदाब, नाडीची गती, संज्ञा आणि शरीराचे तापमान ही सात निरीक्षणे तीत आहेत. स्वाभाविक मर्यादेपासून निरीक्षण जितके दूर, तितके गुण अधिक.

एक कल्पित उदाहरण घेऊ. विरेचनानंतर सायंकाळी रुग्णाची श्वसनगती मिनिटाला २२, प्राणवायू ९५ टक्के, वरचा रक्तदाब १०४, नाडी ११२, तापमान ९८.२ अंश फॅरनहाइट आहे. रुग्ण सावध आहे, बाहेरून प्राणवायू दिलेला नाही. यातला एकेक आकडा सुटा पाहिला, तर ‘शोधनानंतर थोडा थकवा असायचाच’ असे म्हणून तो सोडून दिला जाईल. गुण मात्र असे होतात : श्वसनाचे २, प्राणवायूचे १, रक्तदाबाचा १, नाडीचे २, एकूण ६. या पद्धतीनुसार ५ किंवा अधिक गुण झाले की चिकित्सकाने तातडीने येऊन रुग्णाला पाहावे व निरीक्षण निदान दर तासाला व्हावे. ७ किंवा अधिक गुण म्हणजे आणीबाणी. कोणत्याही एकाच निरीक्षणाला ३ गुण मिळाले, तरी ताशी निरीक्षण व चिकित्सकाला सूचना आवश्यक ठरते. अनेक लहान खुणा एकत्र ठेवल्यावर जे दिसते, ते एकेका खुणेत दिसत नाही.

ही पद्धती सोळा वर्षांखालील मुलांसाठी व गर्भिणीसाठी नाही. पंचकर्माच्या रुग्णांसाठी ती मुद्दाम रचलेली नाही. ती नाडीपरीक्षेची जागाही घेत नाही. रुग्णाला धोका आहे, वैद्याने आता यावे, एवढेच ती सांगते.

सर्वांत दुर्लक्षित मोजणी

या सात निरीक्षणांत श्वसनगतीची उपेक्षा सर्वाधिक होते. रक्तदाब व प्राणवायू यंत्र सांगते; श्वास मात्र मनुष्याने घड्याळ लावून मोजावा लागतो. परिणामी अनेक तक्त्यांवर सर्व रुग्णांची श्वसनगती १८ किंवा २० अशी ठरलेली दिसते. वास्तविक जंतुसंसर्ग, रक्तस्राव, फुप्फुसाचे वा हृदयाचे विकार यांत श्वसनगती लवकर वाढते. रुग्ण शांत असताना, त्याला न सांगता, संपूर्ण एक मिनिट श्वास मोजावेत. नाडी मोजून झाल्यावर मनगट तसेच धरून ठेवले, तर रुग्णाचे लक्ष श्वासाकडे जात नाही. प्रौढात १२ ते २० ही स्वाभाविक मर्यादा मानली जाते. २५ किंवा अधिक गती ही गंभीर सूचना होय.

बोटाला लावायचे प्राणवायूमापक यंत्र कोविडच्या साथीपासून घरोघरी पोहोचले आहे. त्याच्या मर्यादाही जाणून असाव्यात. नखपॉलिश, गार पडलेली बोटे व हालचाल यांमुळे आकडा चुकतो. २०२० साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, यंत्र प्राणवायू पुरेसा दाखवीत असतानाही तो प्रत्यक्षात कमी असण्याचे प्रमाण गौरवर्णीय रुग्णांपेक्षा कृष्णवर्णीय रुग्णांत जवळजवळ तिप्पट आढळले. सावळ्या वर्णाचे रुग्ण बहुसंख्य असलेल्या आपल्या देशात केवळ या आकड्यावर विसंबून राहणे धोक्याचे आहे. आकडा चांगला असला तरी श्वास मोजावाच.

शोधनकर्मातील परीक्षण

मोजणे हे आपल्या शास्त्राला नवीन नाही. वमनाचे प्रवर, मध्यम व अवर वेग अनुक्रमे आठ, सहा व चार. विरेचनाचे तीस, वीस व दहा. वैगिकी, मानिकी, आंतिकी व लैंगिकी अशी शुद्धीची चतुर्विध परीक्षा प्रत्येक पदवीधर शिकलेला असतो. परंतु प्रत्यक्षात वेगांची नोंद काटेकोर होते आणि ते वेग सोसणाऱ्या शरीराची नोंद तुटक राहते. दोन्ही नोंदी एकाच कागदावर, एकाच काळरेषेवर असाव्यात. म्हणजे अतियोगाची चाहूल वेळेवर लागते.

याच संदर्भात एक साधी परीक्षा प्रत्येक केंद्राने अंगीकारावी. रुग्णाला पाच मिनिटे निजवून रक्तदाब घ्यावा. मग उभे करून एका मिनिटाने व तीन मिनिटांनी पुन्हा घ्यावा. वरचा रक्तदाब २० किंवा खालचा १० पारा-मिलिमीटरने उतरला, तर तो उभे राहण्याने होणारा रक्तदाबपात होय. विरेचनानंतर रात्री शौचासाठी एकट्याने उठणारा वृद्ध रुग्ण, त्यातही रक्तदाबाच्या किंवा लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू असलेला, पडून खुब्याचे हाड मोडून घेऊ शकतो. काही मिनिटांच्या या परीक्षेने सोबत कोणाला द्यावी, द्रवपदार्थ किती वाढवावेत व गोळ्यांविषयी मूळ चिकित्सकाशी केव्हा बोलावे, हे ठरवता येते. उभे करताच घेरी आली, तर परीक्षा थांबवून रुग्णाला त्वरित निजवावे.

तक्ता म्हणजे चिकित्सा नव्हे

प्रमाणाचा आग्रह धरणाऱ्याने प्रतिकूल प्रमाणही मान्य केले पाहिजे. ऑस्ट्रेलियातील २३ रुग्णालयांत तातडीचे वैद्यकीय पथक नेमून केलेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २००५ साली प्रसिद्ध झाले. पथकाला बोलावण्याचे प्रमाण वाढले. पण मृत्यू व हृदय बंद पडण्याच्या घटना यांत लक्षणीय घट सिद्ध झाली नाही. निकषांत बसणाऱ्या अनेक रुग्णांसाठी पथकाला बोलावलेच गेले नव्हते.

शय्याव्रणाचेही तसेच. ब्रेडन व बर्गस्ट्रॉम यांची १९८७ सालची मापनश्रेणी संवेदना, ओलावा, हालचाल, स्थितिबदल, आहार व घर्षण या सहा बाबींवर ६ ते २३ गुण देते. येथे गुण जितके कमी तितका धोका अधिक. परंतु केवळ श्रेणी भरल्याने शय्याव्रण कमी होतात, याला भक्कम पुरावा मिळालेला नाही. पक्षाघाताच्या रुग्णाची कूस बदलली, त्वचा रोज पाहिली, ओले वस्त्र बदलले, तरच त्या गुणांना अर्थ येतो.

म्हणून प्रत्येक तक्त्याखाली दोन गोष्टी लिहिलेल्या असाव्यात : किती गुणांना कोणाला कळवायचे, आणि ती व्यक्ती न आल्यास पुढे कोणाला. रात्री दोन वाजता वैद्याला दूरध्वनी करणाऱ्या परिचारिकेला ‘एवढ्यासाठी उठवलेस ?’ असे एकदा ऐकावे लागले, की पुढच्या वेळी ती सकाळची वाट पाहते. ही वाट किती महाग पडू शकते, हे वर आलेच आहे. आपल्याकडे उपाय नसेल, तर रुग्ण कोठे पाठवायचा हेही आधीच ठरलेले असावे.

औषधालयधारकांचा वाटा

अनेक औषधालयांत रक्तदाब मोजून देण्याची सोय असते. दंडाच्या मानाने पट्टा लहान असेल, तर रक्तदाब खोटा वाढलेला दिसतो. मोठा असेल, तर कमी दिसतो. दोन-तीन मापांचे पट्टे ठेवावेत, ग्राहकाला पाच मिनिटे बसवावे आणि आकडा ‘साधारण १२०’ असा न लिहिता जसा आला तसा वेळेसह लिहून द्यावा.

औषधाच्या दुष्परिणामाची शंका आल्यास हीच नोंद मोलाची ठरते. आयुष औषधांच्या सुरक्षिततेवर देखरेख ठेवणाऱ्या योजनेत नवी दिल्लीची अखिल भारतीय आयुर्वेद संस्था राष्ट्रीय समन्वय केंद्राचे काम पाहते. औषध कोणते, तुकडी कोणती, केव्हा घेतले आणि त्यानंतर किती वेळाने काय दिसले, हे ज्याने लिहून ठेवले, त्याचेच निवेदन उपयोगी पडते.

उपसंहार

यासाठी फार मोठा खर्च नाही. सेकंदकाटा असलेले घड्याळ, तापमापक, योग्य मापाचा रक्तदाबमापक, प्राणवायूमापक आणि एक पानाचा तक्ता एवढे पुरे. खरी गरज आहे ती परिचारिकेच्या प्रशिक्षणाची आणि तिच्या शब्दाला मान देण्याची. वैद्यबंधुभगिनींनी पुढच्या फेरीत रुग्णाची नाडी पाहण्यापूर्वी तिने लिहिलेला तक्ता वाचावा आणि तिला काय वाटते ते विचारावे. चतुष्पादातील तिसरा पाद भक्कम करण्याचा याहून सोपा आरंभ नाही.