शिट्टी वाजवून टेलिफोन उघडणारा मुलगा

कुलूप किल्लीने उघडते हे सर्वांस ठाऊक आहे. परंतु अमेरिकेचे टेलिफोनचे जाळे एके काळी शिट्टीनेही उघडत असे. ही युक्ती हुडकून काढणाऱ्यांना तिकडे 'फोन फ्रीक' असे नाव पडले.

त्या जाळ्यात दोन शहरांमधील तार मोकळी असली की तिच्यावर २६०० हर्ट्झचा एक सूर चालू राही. बोलणे संपले की तोच सूर पुन्हा सुरू होई. दोष एवढाच की माणसाचा आवाज आणि यंत्राचा हुकूम एकाच तारेतून जात. बोलणाऱ्यानेच तो सूर काढला, तर ग्राहकाने फोन ठेवला असे समजून पलीकडचे यंत्र नव्या नंबराची वाट पाही. इकडचे बिलाचे यंत्र मात्र जुनाच कॉल चालू आहे असे मानी. तो फुकट नंबराचा असेल, तर नव्या कॉललाही पैसे पडत नसत. या खुणांची माहिती कंपनीच्याच अभियंत्यांनी १९५४ आणि १९६० साली आपल्या तांत्रिक नियतकालिकात छापली होती!

जो एन्ग्रेसिया हा १९४९ साली जन्मलेला अंध मुलगा. त्याचे कान विलक्षण तयार होते. सात-आठ वर्षांचा असताना फोन ऐकत त्याने शिट्टी वाजवली आणि कॉल तुटला. असे का झाले, हे शोधण्याचा त्याला ध्यास लागला. १९६८ साली फ्लोरिडातील विद्यापीठात तो मित्रांना शिट्टीवर दूरचे फोन लावून देई. त्याबद्दल त्याला शिक्षा झाली. १९७१ साली मेम्फिस शहरात त्याला अटकही झाली.

त्याच वर्षी 'एस्क्वायर' मासिकात या मंडळींवर मोठा लेख आला. तो वाचून स्टीव्ह वॉझनियॅक आणि स्टीव्ह जॉब्स या दोन तरुणांनी असे सूर काढणारी 'निळी पेटी' बनवून विकली. ती पेटी नसती तर ॲपल कंपनीही नसती, असे जॉब्स पुढे सांगत. जॉन ड्रेपर यांना मात्र तुरुंग पाहावा लागला.

१९७६ पासून कंपनीने यंत्राचे हुकूम वेगळ्या वाटेने पाठवण्यास सुरुवात केली आणि हळूहळू शिट्टीचा प्रभाव संपला.

फुकट फोन ही चोरीच. तिचे समर्थन आम्ही करणार नाही. फोनवर गोड बोलून बँकेचा गुप्त क्रमांक काढून घेणारे आजचे ठक तर निव्वळ लुटारू आहेत. पण जोला पैसे नको होते, टेलिफोनचे काम हवे होते. पुढे टेलिफोन कंपन्यांनीच त्याला नोकरी दिली, आणि तेच कान बिघाड शोधण्याच्या कामी आले.

आपल्या बेटावरही घरातले रेडिओ, मोबाइल उघडून पाहणारी मुले आहेत. अशा मुलाला आपण पालक आणि शिक्षक केवळ दम देतो. चूक दाखवावीच, पण त्याच दिवशी त्याच्या हाती योग्य काम द्यावे. ते आपण दिले नाही, तर दुसरा कोणीतरी त्याला दुसरे काम देईल.