दुसरा प्रश्न

दोन माणसं बोलत असतात. एकाचं वाक्य संपतं आणि दुसऱ्याचं सुरू होतं. मधली ही फट किती लांबीची असते? जपानीपासून डॅनिशपर्यंत दहा भाषांमधली संभाषणं तपासून २००९ साली संशोधकांच्या एका गटाने ती मोजली. सरासरी निघाली साधारण २०० मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा पाचवा भाग. भाषेनुसार हा आकडा कमी-जास्त झाला, पण तो फरक साधारण पाव सेकंदाच्या आतबाहेरच राहिला. आता याच्या शेजारी दुसरा आकडा ठेवून पाहा. एखादा शब्द मनात येऊन ओठांवर उतरायला मेंदूला किमान ६०० मिलिसेकंद लागतात. मग २०० मध्ये उत्तर येतं कसं? समोरचा बोलत असतानाच त्याचं वाक्य कुठे जाऊन टेकणार हे आपण ताडलेलं असतं आणि आपली जुळवाजुळव सुरू झालेली असते. ऐकणं आणि बोलायची तयारी एकाच डोक्यात, एकाच क्षणी चालू असतात. हातात पोह्यांची डिश धरून, अनोळखी माणसासमोर उभं राहून आपण हे सहज करतो.

व्यावसायिकांच्या मेळाव्यात मला सगळ्यात आधी हेच दिसतं. स्टँडी, बॅनर, गळ्यातली ओळखपत्रं, हातांतली व्हिजिटिंग कार्डं हे सगळं बाजूला राहतं. एकमेकांना कधीही न भेटलेली माणसं सेकंदाच्या पाचव्या भागात एकमेकांचं वाक्य झेलतात, याचं नवल वाटत राहतं.

विचुंबे परिसरातल्या मेळाव्यात हे पाहण्यासारखं आहे. नवीन पनवेलला लागून असलेलं, गाढी नदीच्या काठचं हे गाव. २०१३ साली नियोजित नवी मुंबई विमानतळाभोवतीचा मोठा पट्टा ‘नैना’ म्हणून अधिसूचित झाला, त्याच्या नियोजनाचं काम सिडकोकडे आलं आणि विचुंब्याचा परिसरही त्या पट्ट्यात गेला. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी विमानतळाचं उद्घाटन झालं. शेतांच्या जागी इमारती, इमारतींच्या तळमजल्यावर गाळे आणि गाळ्यांत कुठून कुठून आलेली माणसं. एकजण साताऱ्याचा, दुसरा जळगावचा, शेजारचा रत्नागिरीचा. गावात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्याला इलेक्ट्रिशियन शोधायला कुणाशी ओळख काढावी लागत नाही. इथे मात्र इलेक्ट्रिशियन, इंटिरिअरवाला, सीए आणि डबे देणाऱ्या ताई एकाच रस्त्यावर असूनही एकमेकांना अनोळखी असतात. म्हणून ओळखी व्हाव्यात यासाठी सभागृह घ्यावं लागतं, नावनोंदणी करावी लागते, एक सकाळ काढावी लागते.

महाराष्ट्रात ही गरज फार पूर्वी ओळखली गेली होती. शेठ वालचंद हिराचंद यांच्या पुढाकाराने १९२७ साली महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्स उभं राहिलं, पुण्यात १९३४ साली मराठा चेंबर. आपल्या काळात इंजिनिअर माधवराव भिडे यांनी सॅटर्डे क्लब सुरू केला आणि त्याचं ब्रीदवाक्य करताना तुकोबांच्या एका ओळीतल्या ‘सुपंथ’च्या जागी ‘श्रीमंत’ हा शब्द धीटपणे बसवला. तिकडे कॅलिफोर्नियात आयव्हन मिसनर यांनी १९८५ साली बीएनआय सुरू केली. तिच्या एका चॅप्टरमध्ये एका व्यवसायाचा एकच सदस्य असतो. या सगळ्यांनी माणसांना एका छताखाली आणलं. छताखाली आल्यावर काय बोलायचं, हे ज्याचं त्याला शोधावं लागतं.

आधी त्या सभागृहात काय चाललेलं असतं ते पाहू. चहाची वेळ झाली की आवाज चढू लागतो. भोवती गोंगाट असला की माणसाचा आवाज त्याच्या नकळत वाढतो, हे एतिएन लोंबार या फ्रेंच डॉक्टरने १९११ मध्ये नोंदवलं. एकाचा वाढलेला आवाज शेजारच्याचा गोंगाट होतो, म्हणून तोही वाढवतो आणि दहा मिनिटांत सगळं सभागृह ओरडून बोलू लागतं. एवढ्या कल्लोळातही आपण समोरच्या एकाच आवाजावर कान लावू शकतो. हे कसं जमतं, याचा अभ्यास कॉलिन चेरी यांनी १९५३ मध्ये केला. आणखी आश्चर्य म्हणजे, ज्या बोलण्याकडे आपलं बिलकूल लक्ष नाही त्यात आपलं नाव आलं तर ते काही वेळा कानावर पडतं. हे नेव्हिल मोरे यांनी १९५९ मध्ये दाखवलं. कान बंद नसतात, दारावर कुणीतरी राखणीला बसलेलं असतं.

आता नजर फिरवा आणि घोळके मोजा. बहुतेक घोळक्यांत दोन, तीन किंवा चार माणसं असतील. पाचवा आला की थोड्याच वेळात त्या घोळक्याची दोन संभाषणं होतात. रॉबिन डनबार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये हीच मर्यादा मांडली: एका संभाषणात साधारण चार माणसं मावतात. म्हणून आठ जणांच्या कड्याबाहेर ताटकळण्यात अर्थ नाही. तिथे एक संभाषण नसतंच.

माणसं उभी कशी आहेत, हेही खूप काही सांगतं. बोलणारी माणसं आपल्यामध्ये एक मोकळी जागा राखतात आणि तिच्याभोवती पावलं वळवून उभी राहतात. ॲडम केंडन यांनी या रचनांचा बारकाईने अभ्यास केला. दोघं समोरासमोर, पायाची बोटं एकमेकांकडे करून उभे असतील तर ती जागा बंद आहे. त्यांना बोलू द्यावं. दोघं काटकोनात उभे असतील, तर एक बाजू उघडी आहे आणि तिथे तिसऱ्याला जागा आहे. आपण जवळ गेल्यावर त्यांनी पाऊल किंचित बाजूला घेतलं, तर आत येण्याचं आमंत्रण मिळालं. हे सगळं कुणी कुणाला शिकवलेलं नसतं, आणि तरी सगळे पाळतात.

मग अडतं कुठे? कोलंबिया बिझनेस स्कूलच्या पॉल इन्ग्रॅम आणि मायकेल मॉरिस यांनी सुमारे १०० व्यावसायिकांच्या एका संध्याकाळच्या मेळाव्यात प्रत्येकाच्या छातीवर इलेक्ट्रॉनिक बिल्ला लावला. कोण कुणाशी किती वेळ बोललं, ते बिल्ल्यांनी टिपलं. नव्या ओळखी करायच्या आहेत, असं येताना बहुतेकांनी सांगितलं होतं. या प्रयोगावरचा त्यांचा निबंध २००७ मध्ये आला. माणसं जमलेल्यांपैकी सुमारे एक तृतीयांश लोकांना आधीपासून ओळखत होती आणि त्यांनी जवळजवळ अर्धा वेळ त्यांच्याशीच बोलण्यात घालवला. नव्या ओळखींच्या बाबतीत सगळ्यांत पुढे कोण निघालं? पेयं देणारा माणूस. त्याच्याकडे प्रत्येकाला जावंच लागत होतं. आपल्याकडे ही जागा चहाच्या टेबलाची. कुणाशी बोलावं सुचत नसेल तर तिथे उभं राहावं, पुढच्याला कप द्यावा. बोलायला निमित्त लागतं आणि चहा हे फार जुनं, फार चांगलं निमित्त आहे.

अनोळखी माणसाशी बोलायची आपल्याला धास्ती असते आणि ती बहुतेकदा फुकाची असते. शिकागोतल्या लोकलच्या प्रवाशांवर निकोलस एप्ली आणि ज्युलियाना श्रोडर यांनी प्रयोग केले. शेजारच्याशी बोललं तर प्रवास नकोसा होईल, असा लोकांचा अंदाज होता. ज्यांनी खरोखर गप्पा मारल्या त्यांचा प्रवास उलट जास्त छान झाला. पनवेल लोकलमध्ये रोज त्याच डब्यात चढणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. शिवाय २०१८ च्या एका संशोधनात दिसलं की पहिल्या भेटीनंतर दोघांनाही वाटतं, ‘मी समोरच्याला फारसा आवडलो नसेन,’ आणि दोघांचाही अंदाज चुकतो. दोघंही एकमेकांना वाटतं त्यापेक्षा जास्त आवडलेले असतात. घरी जाताना डोक्यात घोळणारं ‘मी असं का बोललो’ बहुधा फक्त आपल्याच डोक्यात असतं.

आता पहिलं वाक्य. मराठीत ते तयारच आहे: ‘गाव कुठलं तुमचं?’ विचुंब्यासारख्या ठिकाणी, जिथे जवळजवळ प्रत्येकाच्या मागे एक गाव आहे, तिथे या प्रश्नाने माणूस चटकन सैल होतो. गाव म्हटलं की यात्रा आली, एसटी आली, शाळा आली. मला हा प्रश्न मनापासून आवडतो. पण त्याच्या पाठोपाठ आडनावाची चौकशी येऊ लागली की मला तो नकोसा होतो. गावाकडून जातीकडे जाणारी ती वाट समोरच्याला लगेच कळते आणि त्याचा चेहरा मिटतो. गाव विचारावं ते गावासाठीच.

तरीही पहिल्या वाक्याला आपण फार महत्त्व देतो. पहिलं वाक्य साधं असलं तरी चालतं. संभाषण उभं राहतं ते दुसऱ्या प्रश्नावर, म्हणजे समोरच्याच्या उत्तरातून जन्मलेल्या प्रश्नावर. २०१७ साली हार्वर्डच्या कॅरन हुआंग, ॲलिसन वुड ब्रूक्स आणि सहकाऱ्यांनी हजारो संभाषणं तपासली. प्रश्न विचारणारी माणसं लोकांना जास्त आवडतात, हे दिसलं. त्यातही खरा प्रभाव होता तो आधीच्या उत्तराला धरून विचारलेल्या प्रश्नांचा. असा प्रश्न घोकून आणता येत नाही. ऐकलं असेल तरच तो सुचतो.

समजा, एक ताई डब्यांचा व्यवसाय करतात आणि समोर वॉटरप्रूफिंगचं काम करणारे एक गृहस्थ आहेत.

“मग पावसाळ्यात तुमची फारच धावपळ होत असेल, दादा.”

“नाही हो ताई, भर पावसात गच्चीचं काम कसं करणार? पावसाळ्यात नुसते फोन वाजतात. खरं काम पावसाच्या आधी.”

“मग पावसाळ्यात तुमची माणसं काय करतात?”

इथे दादा क्षणभर थांबतात.

“तीच तर अडचण आहे. लावणीला गावी जातात. चांगला हात बसलेला कारागीर परत येईल याचा भरवसा नाही. इथे राहायचं-जेवायचं सुटसुटीत झालं तर काही जण थांबतील.”

“जेवायचं सध्या कसं करतात?”

ताईंनी आपल्या डब्यांबद्दल अजून एक अक्षर काढलेलं नाही. तरी पुढचं बोलणं कुठे जाणार, ते आता दोघांनाही दिसतंय. पहिल्याच उत्तरावर ‘अच्छा, छान’ म्हणून कार्ड पुढे केलं असतं तर दादांची अडचण कळलीच नसती. आणि आपल्या ओळखीचं मिनिटभराचं भाषण मनात घोळवत त्या उभ्या असत्या, तर ‘लावणी’ हा शब्द कानावर पडूनही आत गेला नसता. मेंदू समोरच्याचं वाक्य संपण्याआधी उत्तर जुळवतो, ही त्याची ताकद आहे. पण तिथे आधीच पाठ केलेलं उत्तर ठेवलेलं असेल, तर त्या ताकदीला करायला काही उरत नाही. मिनिटभराची ओळख सभागृहाला द्यायची असते, समोरच्या एका माणसाला नाही.

अडचण बोलून दाखवण्यात किती बळ असतं, याचं मोठं उदाहरण आपल्याच इतिहासात आहे. बेळगावातली जागा सोडावी लागली तेव्हा लक्ष्मणराव किर्लोस्कर औंधला सभामंडपाचं काम करत होते. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांना त्यांची अडचण कळली आणि त्यांनी संस्थानात कुंडल रोड स्टेशनजवळची माळरानाची जमीन देऊ केली. १९१० साली तिथे किर्लोस्करवाडी उभी राहू लागली. जागा मिळाली ती मंडपाच्या कामाच्या निमित्ताने औंधशी आलेल्या संबंधातून. असे लांबचे संबंध का कामी येतात, याचं कारण समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्ये मांडलं: जवळच्या माणसांना बहुधा तेच माहीत असतं जे आपल्याला माहीत आहे. नवी बातमी येते ती लांबच्या, जुजबी ओळखीतून, कारण ती व्यक्ती वेगळ्या वर्तुळात वावरते. २०२२ मध्ये लिंक्डइनच्या सुमारे २ कोटी वापरकर्त्यांच्या माहितीवर हे तपासलं गेलं. नोकरी बदलायला सगळ्यांत उपयोगी पडल्या त्या मध्यम सैल ओळखी, अगदी घट्ट नव्हेत आणि अगदी नावापुरत्याही नव्हेत.

उरला प्रश्न निरोपाचा. तो पहिल्या वाक्यापेक्षा अवघड आहे. ॲडम मास्ट्रोयानी आणि सहकाऱ्यांच्या २०२१ च्या अभ्यासात दोघांनाही हवं होतं तेव्हाच संपलेली संभाषणं जेमतेम २ टक्के होती. कुणाला लवकर सुटायचं असतं, कुणाला आणखी बोलायचं असतं, आणि दोघांचाही समोरच्याच्या मनाचा अंदाज चुकतो. घड्याळाकडे पाहणं, फोन आल्यासारखं करणं यापेक्षा खूप चांगली रीत आहे, ती म्हणजे तिसऱ्याशी गाठ घालून देणं. कारागिरांसाठी खोल्या शोधणाऱ्या दादांना आधी भेटलेल्या इस्टेट एजंटकडे न्यायचं आणि म्हणायचं, “हे वॉटरप्रूफिंग करतात. यांच्या माणसांना पावसाळ्यात राहायला खोल्या हव्यात. तुमच्याकडे बघा काही जमतं का.” नुसतं नाव सांगून ओळख करून दिली तर ते दोघं पुन्हा ‘गाव कुठलं’पासून सुरू करतात. अडचणीसकट करून दिली, तर त्यांचं बोलणं थेट दुसऱ्या प्रश्नापासून सुरू होतं, आणि आपण मोकळे होऊन चहाच्या टेबलाकडे निघू शकतो.